इलेक्शन कॅम्पेनमध्ये करिअर करायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी

निवडणुका जवळ आल्या की मला मेसेज यायला लागतात. बहुतेक पुण्यातली मुलं असतात, कुणी इंजिनिअरिंग करून कंटाळलेलं, कुणी एमपीएससीचे अटेम्प्ट देऊन आता पुढं काय म्हणून बसलेलं, एखादी पॉलिटिकल सायन्सवाली मुलगी, आणि सगळ्यांचं विचारणं एकच, सर तुमच्या फील्डमध्ये यायचंय, सुरुवात कुठनं करू. आणि जवळजवळ प्रत्येक मेसेजमध्ये प्रशांत किशोर, म्हणजे पीके, या निवडणूक सल्लागाराचं नाव असतंच. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. थोडं लांबेल पण वाचा, कारण या कामाचं लोकांच्या डोक्यातलं चित्र अर्धंच आहे आणि त्या अर्ध्या चित्रावर कुणी आपली उमेदीची वर्षं लावू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तर पीकेंपासूनच सुरू करू. बिहारचा माणूस, आधी संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामात होता, २०११ च्या सुमारास गुजरातेत मोदींबरोबर काम सुरू केलं, २०१२ ची गुजरात विधानसभा केली, मग २०१३ मध्ये सीएजी म्हणजे सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स नावाची टीम उभी केली ज्यात आयआयटी-आयआयएमची, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून आलेली पोरं होती. चाय पे चर्चा, थ्रीडी सभा, रन फॉर युनिटी हे सगळं त्या टीमचं. २०१४ चा निकाल लागला आणि देशभर एकदम कळलं की अरे, पक्षाच्या बाहेर बसूनही कुणीतरी निवडणूक चालवतं. त्याआधी हे नव्हतंच असं नाही, जाहिरात कंपन्या होत्या, १९८४ च्या काँग्रेसच्या कॅम्पेनला रिडिफ्यूजन होती, २००४ चं इंडिया शायनिंग ग्रे कंपनीनं केलं होतं, पण त्या जाहिराती करून द्यायच्या आणि बाजूला व्हायच्या. उमेदवार कोण, नेत्यानं कुठं जायचं, कुणाशी बोलायचं, काय बोलायचं, यात हात घालणारा बाहेरचा माणूस हा प्रकार आपल्याकडं खरा रुजला तो २०१४ नंतर.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ असतं. २०१५ ला बिहारमध्ये आयपॅक ही त्यांची संस्था आणि नितीशकुमार, नितीश-लालूंच्या महागठबंधनला २४३ पैकी १७८ जागा. २०१९ ला आंध्रात जगन मोहन रेड्डी, १७५ पैकी १५१. २०२० ला दिल्लीत आप ७० पैकी ६२. २०२१ ला एकाच दिवशी बंगाल आणि तामिळनाडू. बंगालचं तर त्यांनी डिसेंबर २०२० मध्येच जाहीर लिहून ठेवलं होतं की भाजपला दोन आकडी संख्या ओलांडणं जड जाईल, आणि भाजप ७७ वर थांबला. त्याच दिवशी टीव्हीवर सांगून टाकलं की हे काम आता बास.

ही यादी मुलं मला पाठवतात. यात उत्तर प्रदेशचं नाव नसतं, आणि शिकायचं सगळं तिथंच आहे.

११ मार्च २०१७. त्या दिवशी पंजाब आणि उत्तर प्रदेश दोन्हींचे निकाल होते आणि दोन्हीकडं काँग्रेसचं काम याच टीमकडं होतं. पंजाबात काँग्रेसला ११७ पैकी ७७ मिळाल्या. यूपीत समाजवादी पक्षाशी युती करून शंभरावर जागा लढवल्या आणि आल्या सात. सल्लागार तोच, साल तेच, पक्ष तोच, सर्व्हे करायची पद्धत तीच, मग फरक कुठं पडला? पंजाबात अकाली-भाजपच्या दहा वर्षांच्या सरकारवर लोक चिडलेले होते, कॅप्टन अमरिंदर हा लोकांना माहिती असलेला चेहरा होता, आणि गावागावात काँग्रेसचा माणूस होता. यूपीत काँग्रेसची सत्ता १९८९ ला गेली ती परत आलीच नाही, म्हणजे पाव शतकाच्या वर झालं, आणि या काळात बूथवर बसणारा माणूसच संपला. देवरियातनं खाट सभा सुरू केल्या, कल्पना चांगलीच होती, शेतकऱ्याला खुर्ची नाही तर बाज टाकून मान द्यायचा, त्याचं ऐकायचं. सभा संपली आणि लोक बाजा उचलून घरी घेऊन गेले. सगळ्या चॅनेलनी तेवढंच दाखवलं. माझं म्हणणं असं की बाजा नेल्या याला काही अर्थ नाही, गरिबाघरी बाज लागतेच, नेली तर नेली. खरा प्रश्न हा की सभा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गावात जाऊन त्या माणसाला काका कालचं कसं वाटलं असं विचारणारं काँग्रेसचं कुणी तिथं राहत होतं का.

बिहारचंही तसंच. नितीश यांच्या डीएनएतच खोट आहे अशा मोदींच्या वाक्यावर केस-नखांचे नमुने पाठवायचं कॅम्पेन निघालं, बिहार में बहार हो नीतीशे कुमार हो हे तर पोराटोरांच्या तोंडी होतं, हर घर दस्तक म्हणजे दारोदारचा प्रचार झाला. जबरदस्त काम होतं, मी आजही नवीन मुलांना ते कॅम्पेन बारकाईनं बघायला सांगतो. पण लालू आणि नितीश एकत्र आले नसते तर? २०१४ ला ते वेगवेगळे लढले आणि दोघंही झोपले होते. मतांची बेरीज आधी झाली, कॅम्पेन त्यावर चढलं. मला विचाराल तर पीकेंचं बिहारमधलं सगळ्यात मोठं काम घोषणा नव्हे, एकमेकांवर वीस वर्षं चिखलफेक केलेल्या दोन माणसांच्या कार्यकर्त्यांना एका टेबलावर टिकवून ठेवणं हे असणार, आणि ते कुठल्या पोस्टरवर दिसत नाही.

आता आपल्याकडचं सांगतो, म्हणजे प्रत्यक्ष काम काय असतं ते कळेल.

मतदारसंघ हातात आला की पहिलं काय करायचं तर फॉर्म २० काढायचा. प्रत्येक बूथवर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली त्याचा तो तक्ता असतो, सरकारी वेबसाइटवर मिळतो, फुकट मिळतो. मागच्या दोन विधानसभा, दोन लोकसभा, जमलं तर झेडपी आणि पंचायत समितीचे आकडे असं सगळं एका शीटमध्ये ओढायचं आणि बूथला ए बी सी डी लावायचं, कुठं आपण कायम लीडमध्ये, कुठं कायम मायनसमध्ये, कुठं कधी इकडं कधी तिकडं. एका विधानसभेला तीनशे-साडेतीनशे बूथ धरा. त्यातले निकाल फिरवणारे बूथ थोडेच निघतात आणि सगळी ताकद तिथं लावायची असते. हे ऐकायला सोपं वाटतं, पण यातच महिना जातो कारण दर वेळी बूथचे नंबर बदलतात, एका वस्तीचे मतदार दुसऱ्या केंद्रात गेलेले असतात, आणि हे कुठल्याच शीटमध्ये लिहिलेलं नसतं.

हे कुणाला माहिती असतं ते सांगतो. सातारा-सांगलीकडच्या एका तालुक्यात आम्ही काम करत होतो. टीमकडं अ‍ॅप होतं, यादीतल्या प्रत्येक मतदाराला रंग दिलेला, हिरवा आपला, लाल समोरचा, पिवळा डळमळीत. तिथले एक जुने कार्यकर्ते होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे, साठी ओलांडलेली, सोसायटीचे माजी चेअरमन. ते संध्याकाळी पक्षाच्या ऑफिसात आले, आमच्या पोरानं टॅब पुढं केला तर म्हणाले, ते राहू दे, कागदावरची यादी दे. खिशातनं पेन्सिल काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. हा वारला, चैत्रात. ही नांदायला कऱ्हाडला गेली, नाव काढलं न्हाई अजून. हे चौघं भाऊ, तिघं मुंबईला माथाडीत, जत्रंला येत्यात, मतदानाला येत्यात का बघावं लागंल. ह्याला आमची दूध डेरी बंद झाल्याचा राग हाय, त्याच्याकडं मी जाऊन उपेग न्हाई, त्याच्या मेव्हण्याला पाठवा. ही बाई एकटीच असती, तिला कुणी विचारत न्हाई, तिच्याकडं पहिलं जावा. असं करत करत हजारावर नावांची यादी त्यांनी चहाच्या दोन कपात संपवली, आणि अ‍ॅपमधले हिरवे कितीतरी पिवळे निघाले, काही पिवळे तर गावातच राहत नव्हते. आमचा पोरगा खाली मान घालून टॅबमध्ये भराभर दुरुस्त्या करत होता आणि आबा त्याला म्हणाले, पोरा तू चांगलं करतूयास, पण माणूस आधी बघायचा, मग रंग लावायचा.

आमच्या टीमचं तिथलं खरं काम काय होतं तर आबांसारखी माणसं बाकीच्या बूथवर शोधणं, जिथं आहेत तिथं त्यांच्या डोक्यातलं कागदावर उतरवणं, आणि जिथं नाहीत तिथं लवकरात लवकर नेत्याला सांगणं की साहेब, इथं आपलं कुणीच नाही. हे शेवटचं वाक्य बोलायला धाडस लागतं. नेत्याभोवती जमलेला गोतावळा रोज सांगत असतो की वातावरण एक नंबर आहे. बाहेरचा माणूस ठेवायचा सगळ्यात मोठा फायदा हाच की त्याला त्या तालुक्यात पुढं गुत्तेदारी करायची नसते, तिकीट मागायचं नसतं, त्याची भावकी तिथं नसते, म्हणून तो खरं बोलू शकतो. जो सल्लागार खरं बोलत नाही त्यानं पैसे कशाचे घेतले हा प्रश्न मला पडतो.

बाकी दिनक्रम सांगायचा तर सकाळी सहाला पेपरची कात्रणं, सातला नेत्याला रिपोर्ट, मग कॉल सेंटर, दिवसभराच्या कोपरा सभांचं नियोजन, रील, बॅनर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रात्री फील्डवरच्या पोरांचे फोन, आणि मध्येच कुठल्यातरी गावात दोन गटांचं भांडण मिटवायला कुणाला पाठवायचं यावर तासभर खल. प्रचाराच्या तोफा थंडावल्या की, म्हणजे मतदान संपायच्या ४८ तास आधी, आपलं काम जवळजवळ संपतं. मतदानाच्या दिवशी टेबल लावून बसणारा, यादीत टिक करणारा, दुपारी तीननंतर कोण यायचं राहिलंय ते बघून गाडी नाही तर स्वतःची टू-व्हीलर काढून वस्तीवर जाऊन आवाज देणारा, तो कार्यकर्ता असतो. मतदान काढणं ज्याला म्हणतात ते कुठल्याही लॅपटॉपवरनं होत नाही.

२०२४ चं महाराष्ट्राचं उदाहरण घ्या, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महायुती ४८ पैकी १७ वर होती, अजितदादांच्या पक्षाची तर रायगडची एकच जागा आली होती. नोव्हेंबरात विधानसभेला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि दादांची राष्ट्रवादी ४१. मधल्या पाच महिन्यांत दादांनी डिझाइनबॉक्स्ड नावाची कंपनी घेतली होती, कायम पांढऱ्या कपड्यात दिसणारा नेता गुलाबी जॅकेटमध्ये आला, दिंडोरीहून जनसन्मान यात्रा निघाली, तीसुद्धा गुलाबी. टीव्हीवर आठवडे-आठवडे त्या रंगाचीच चर्चा. तो रंग काढणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, कडक स्वभावाच्या नेत्याला महिलांसमोर मऊ करून दाखवणं सोपं नसतं आणि दादांनी ते मान्य केलं हेच मोठं. पण त्या काळात मी ज्या बायकांशी बोललो, बचत गटात, शेतात, एसटी स्टँडवर, त्यातल्या कुणी रंगाचं नाव काढलं नाही. त्या बँकेच्या मेसेजबद्दल बोलायच्या. लाडकी बहीणचे पंधराशे आले का, आधार लिंक आहे का, माझे अडकलेत, जावेचे आले. एकीनं मला मोबाइल काढून मेसेज दाखवला, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर, कुणाला न विचारता खर्च करता येतील असे पैसे जमा झाले होते. योजना सरकारची, पैसा तिजोरीतला, फॉर्म भरून घेतले अंगणवाडी सेविकांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी. सल्लागारानं काय केलं तर या सगळ्याला एक चेहरा आणि एक रंग दिला. तेवढं श्रेय नक्की द्या, त्याच्या पुढचं मात्र देऊ नका.

अजून एक गोष्ट, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. आपल्याकडं २०२२ पासून महापालिका आणि झेडप्यांवर प्रशासक बसले, निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. कार्यकर्ता तयार होतो तो नगरसेवक, झेडपी, पंचायत समितीच्या निवडणुकीत, तिथं स्वतःसाठी किंवा भावासाठी लढताना तो मतदार याद्या वस्तीवार फोडायला शिकतो, बूथ लावायला शिकतो. ती शाळाच तेवढी वर्षं बंद राहिली. मग आमदारकीच्या उमेदवाराला तरणी पोरं मिळेनात आणि ती जागा आमच्यासारख्या टीमनी भरली. आमचा धंदा वाढला खरा, पण मला त्याचा आनंद होत नाही. पगारावर आलेलं पोरगं निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या राज्यात जातं, आबा तिथंच राहतात आणि रेशनकार्डावरनं नाव उडालेली बाई त्यांच्याच दारात येते.

पैशाचं पण बोललं पाहिजे, त्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. पीकेंनी २०२४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या बेलागंजच्या सभेत स्वतःच सांगितलं की एका निवडणुकीच्या सल्ल्याचे ते शंभर कोटी किंवा त्याहून जास्त घ्यायचे. हा आकडा ऐकून मुलं येतात. फील्डवर काम करणाऱ्या पोराचं वास्तव वेगळं आहे. करार काही महिन्यांचा, राहायला चार जणांत एक खोली, सुट्टी नाही, आणि शेवटचा हप्ता निकालावर अवलंबून, म्हणजे कागदावर तसं लिहिलेलं नसतं पण व्हायचं तेच होतं. एका उमेदवाराचा निकाल विरोधात गेला आणि संध्याकाळपासून त्याचा फोन बंद, पोरांचे पगार आमच्या टीमनं आपल्या खिशातनं दिले. म्हणून सांगतो, पैसे आधी, लेखी, आणि टप्प्याटप्प्यानं. दुसरं म्हणजे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे ४० लाख, पक्षाला मर्यादाच नाही. सल्लागाराचा खर्च नेमका कुणाच्या खात्यात दाखवायचा यात सगळी लपवाछपवी होते. तुम्हाला कुणी रोखीत, पावतीशिवाय काम करायला सांगितलं तर ते काम घेऊ नका. मी हे सहज लिहीत नाहीये, यामुळं चांगल्या पोरांची नावं खराब झालेली बघितली आहेत.

आणि खोटं. या धंद्याची जी पहिली कंपनी म्हणतात ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९३३ ला व्हिटेकर आणि बॅक्स्टर या जोडीनं काढली. १९३४ ला तिथं अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदाला उभे होते, ते कादंबरीकार. या दोघांनी काय केलं तर त्यांच्या कादंबऱ्यांमधल्या पात्रांची वाक्यं उचलून ती सिंक्लेअर यांचीच मतं असल्यासारखी रोज पेपरात छापवली. सिंक्लेअर पडले. तेव्हा हे चिकाटीनं पुस्तकं धुंडाळून करावं लागलं, आज एआयवर दोन मिनिटांत समोरच्याच्या आवाजात क्लिप बनते आणि मतदानाच्या आदल्या रात्री ग्रुपवर पडते, खुलासा करायला वेळच राहत नाही. तुमच्यासमोर हे येणारच, बहुधा पहिल्याच निवडणुकीत, आणि सांगणारा माणूस तुमचा बॉस असेल. तिथं नाही म्हणायचं आहे हे आत्ताच ठरवून या, त्या रात्री ठरवायला बसलात तर जमणार नाही.

पीकेंची गोष्ट मध्येच सोडली ती पूर्ण करतो. २ ऑक्टोबर २०२२ ला चंपारणमधून पदयात्रा सुरू केली, गावंच्या गावं पायी फिरले, दोन वर्षांनी त्याच तारखेला जन सुराज पक्ष काढला. शिक्षण, स्थलांतर, रोजगार, मुद्दे अगदी बरोबर होते, बिहारी पोरगं गुजरातेत नाही तर आपल्या पुण्या-मुंबईत येऊन का राबतं हा प्रश्न त्यांच्याएवढा थेट कुणीच विचारला नाही. २०२५ च्या बिहार विधानसभेला जवळपास सगळ्या जागा लढवल्या. आली एकही नाही, मतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास. समोर नितीश होते, भाजपची बूथ यंत्रणा होती, आणि मतदानाच्या आधी महिलांच्या खात्यात दहा-दहा हजार जमा झालेले होते, म्हणजे आपल्या लाडकी बहीणसारखंच. दुसऱ्यांच्या पक्षाला जिंकवून देणारा माणूस स्वतःच्या पक्षाला एक जागा देऊ शकला नाही म्हणून बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. इतकी वर्षं पडद्यामागं राहून, वाट्टेल ती फी मिळत असताना, तो माणूस उन्हात लोकांसमोर जाऊन उभा राहिला, याबद्दल मला आदरच आहे. पण या धंद्यात येणाऱ्यानं तो निकाल नीट वाचावा. नितीशकडं, ममतादीदींकडं, जगनकडं माणसं आधीपासून होती, जगन स्वतः साडेतीन हजार किलोमीटरच्या वर चालले तेव्हा प्रत्येक गावात त्यांच्या वडिलांना, म्हणजे आंध्रचे माजी मुख्यमंत्री वायएसआर यांना, मानणारं कुणीतरी पाणी घेऊन उभं होतं. असलेल्या माणसांना दिशा देणं सल्लागाराला जमतं. नसलेली माणसं तीन वर्षांत उभी करणं हे त्या कामातलंच नाही, त्याला पिढी लागते.

तर ज्यांना यायचंय त्यांनी असं करा. मला सीव्ही पाठवू नका, कुठला कोर्स करू हे पण विचारू नका. आपल्या स्वतःच्या गावाचा किंवा वॉर्डचा, जिथं तुमचं मतदान आहे त्या बूथचा २०१९ आणि २०२४ चा फॉर्म २० काढा. कुठली मतं कुठं सरकली ते बघा, आणि का सरकली असतील याचा आपला अंदाज लिहून ठेवा. मग तुमच्या बूथवर जो माणूस दर निवडणुकीला टेबल लावून बसतो, कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्याकडं जा, चहा घ्या, आणि त्याला विचारा की हे असं का झालं. त्यानं सांगितलेलं आणि तुम्ही लिहिलेलं, दोन्ही मला पाठवा. मी वाचतो, आणि प्रत्येकाला उत्तर देतो.